तांब्याभर समुद्र

समुद्राचं पाणी खारट असतं, एवढं चौथीच्या पुस्तकात होतं. पाचवीला मी गेलोच नाही. त्यामुळं त्या पाण्यात नक्की काय असतं, ते साध्या पाण्यापेक्षा जड का, त्यात डाळ का शिजत नाही, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. कळलं ते काही कामाला आलं नाही.

बायकोला शेवटचं पाणी मी पाजलं. त्या पाण्यात काय होतं ते मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, भावकीला नाही, पोटच्या पोरीलाही नाही. ते सांगायचं म्हणून लिहायला बसलोय. पण आधी समुद्र सांगितला पाहिजे, न्हाईतर ते पाणी तुम्हाला कळायचं न्हाई.

माझं उद्यमनगरात बॅटरीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दोन चार्जर, ॲसिडचे कॅन आणि मी. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, पुढं पुढं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या यायच्या. बॅटरीवाल्याचं सगळं शहाणपण एका काचेच्या नळीत असतं. नळीच्या वर रबरी फुगा, आत तरंगणारी कांडी. फुगा दाबून बॅटरीतलं पाणी वर ओढायचं आणि कांडी कुठं तरंगते ते बघायचं. पाणी जड असलं तर कांडी वर येते, हलकं असलं तर खाली जाते. ह्याला आम्ही ग्रॅव्हिटी म्हणतो. बाराशे पन्नास म्हणजे बॅटरी ठणठणीत. अकराशेला आली म्हणजे तिचं झालं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती नळी उजेडाकडं धरली की मी डॉक्टर व्हायचो.

घर दुकानापासनं दहा मिनिटांवर. बायको चिकोडीकडची, कानडी मुलखातली. भांडायची मराठीत, रडायची कानडीत. आम्हाला एकच मुलगी. ती आईला अव्वा म्हणायची, मला अप्पा.

घरात माझ्या आईची एक शिस्त होती. दिवे लागले की मिठाला मीठ म्हणायचं नाही, गोड म्हणायचं. तिन्हीसांजेला मिठाचं नाव काढलं की लक्ष्मी उठून जाते, असं तिचं म्हणणं. लक्ष्मी आमच्याकडं बसली कधी होती हे मी विचारलं तर उलथनं दाखवायची. बायको लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी आईनं बाहेरून सांगितलं, "सूनबाई, आमटीत गोड घाल गं." हिनं दोन मुठी साखर घातली. माझा बाप जेवला, वर तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "सुगरण हाय. आमटीचं पायस केलं."

त्या दिवसापासनं ती जी शिकली ती शिकली. आई जाऊन वीस वर्षं झाली तरी हिनं दिवे लागल्यावर कधी मीठ म्हटलं नाही. संध्याकाळी शेजारीण वाटी घेऊन आली तर दारातनंच म्हणायची, "गोड सकाळी ने बाई, आत्ता देत न्हाई." मीही तसाच. चाळीस वर्षं दिवसा मीठ आणि संध्याकाळी गोड. जिभेला घट्टा पडतो तसं झालं होतं.

समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो नव्वद सालानंतर कधीतरी. रत्नागिरीच्या एका बोटवाल्याच्या बॅटऱ्या बसवायला आंबा घाटातनं ट्रकमधनं गेलतो. आम्ही माळकरी नव्हे, पण गळ्यात लिंग असलेली माणसं. मासळी शिवायची नाही. धक्क्यावर उतरलो आणि नाकाला रुमाल लावला. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, काळा पहाड होता. तो म्हणाला, "काय शेट, नाक कशाला दाबताय? मेलेला बांगडा चावत नाय."

त्याची एक बॅटरी धरत नव्हती. मी शेडमध्ये ती चार्जिंगला लावली. पंधरा मिनिटांत असा उग्र वास सुटला की डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, छाती धरून मी बाहेर पळालो. तांडेलही खोकत बाहेर आला.

"ह्यात काय घातलं होतंस?" मी विचारलं.

"पाणी."

"कुठलं पाणी?"

त्यानं हात लांब करून सगळा समुद्र दाखवला. "ह्ये काय, एवढं पडलंय समोर. कमी झालं होतं, टाकलं तांब्याभर. पाणी ते पाणी."

"अरे बाबा, मिठाचं पाणी ॲसिडात गेलं की विष होतं. जीव गेला असता दोघांचा!"

"तुमचं गोडं, आमचं खारं, एवढाच काय तो फरक," असं म्हणून तो बिडी पेटवायला लागला. मी ती त्याच्या तोंडातनं काढून फेकली.

ही गोष्ट मी दुकानात दहा वर्षं सांगितली. गिऱ्हाईक चहा पीत बसलं की मी तांडेलाचा हात करून दाखवायचो. एवढं मोठं माणूस, समुद्रावर जन्म गेला, आणि कुठलं पाणी कशात घालायचं हे कळत नाही! लोक हसायचे. मी जास्त हसायचो.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोनं सांगितलं होतं, "येताना समुद्र घेऊन या." तिला घाटात गाडी लागायची, वळणं बघूनच पोट ढवळायचं, म्हणून ती कधी कोकणात उतरली नव्हती. मी पाच लिटरचा कॅन धुऊन घेतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लाटेत उभा राहून भरला. तांडेल वरनं ओरडला, "शेट, टोपण घट्ट लावा, न्हायतर घाटात भरती येईल!"

घरी पोचलो तेव्हा नुकते दिवे लागले होते. कॅन ओट्यावर ठेवला. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिनं पेल्यात ओतून घेतलं होतं. मी "अगं, अगं" करतोय तोवर मोठा घोट घेतला.

तिचं ते तोंड मी विसरलो नाही. दोन्ही डोळे गच्च मिटले. खालचा ओठ डाव्या बाजूला ओढला गेला. गळ्याची शीर ताठ झाली. मग तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिला फसवलंय.

"काय वो ह्ये!" ती म्हणाली. "एवढं गोड असतं व्हय कुठं?"

पोरगी अभ्यास करत बसली होती, ती वही टाकून हसायला लागली. "अव्वा, निदान समुद्राला तरी खारट म्हण की!"

"दिवे लागल्यात," ती म्हणाली, आणि तीन चुळा भरल्या. "आणि नुसतं गोड न्हाई, मागनं कडू बी लागतंय."

पुढचे आठ दिवस तिनं त्या पाण्याची उलटतपासणी केली. आधी हातरुमाल धुतला. साबणाला फेस येईना, नासलेल्या दुधासारख्या त्याच्या गुठळ्या झाल्या. मग वाटीभर तुरीची डाळ त्यात शिजायला लावली. चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली खडा. मी येताना चार हापूस आणले होते. त्यातला एक तिनं साध्या पाण्याच्या पातेल्यात सोडला, तो बुडाला. तोच उचलून समुद्राच्या पाण्यात सोडला, तर वर आला आणि डुलायला लागला. ती मला हाक मारून म्हणाली, "बघा, तुमची कांडी."

मला काय सुचलं, मी दुकानातनं नळी आणली आणि समुद्राचं पाणी ओढलं. कांडी तळाला जाऊन बसली. मग नळाचं पाणी ओढलं. तरी तळालाच. माझ्या नळीचे आकडे अकराशेपासनं सुरू होतात, त्याच्या खालचं तिला दिसत नाही. समुद्र आणि पंचगंगा तिला सारखीच.

"मग काय उपयोग ह्या कांडीचा?" बायको म्हणाली. "माझी जीभ बरी."

घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये तिनं दोन वाट्या ठेवल्या, एक आपली, एक समुद्राची. आपल्या पाण्याचा दगड झाला. समुद्राचा नुसता भुगा, भिजलेल्या रव्यासारखा. तो तिनं चाटून बघितला आणि म्हणाली, बर्फ कमी खारट लागतोय आणि खालचं पाणी जास्त. असं कसं, हे तिला कळेना, मला तर नाहीच.

तेव्हा एक निवृत्त मास्तर स्कूटरची बॅटरी घेऊन दुकानात यायचे. हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं. त्यांना मी विचारलं. माणूस खूश झाला. म्हणाले, गोठताना पाणी मिठाला बाहेर ढकलतं, म्हणून बर्फ गोडसर. साधं पाणी शून्याला गोठतं, समुद्राचं त्याच्याही खाली दोन अंश. कडू लागतं ते मॅग्नेशियम. साबण फाडतं तेही तेच, आणि थोडा चुना. आणि ग्रॅव्हिटी?

"हजार पंचवीस," ते म्हणाले. "लिटरमागं पस्तीस ग्रॅम मीठ. मोठे समुद्र घ्या, जवळपास सगळीकडं तेवढंच. त्यात सोनंसुद्धा असतं, अगदी कणभर."

घरी सांगितलं तर ती म्हणाली, "पुढच्या खेपेला कडू तिथंच ठेवा, सोनं तेवढं आणा."

उरलेल्यातलं निम्मं पाणी तिनं पातेल्यात आटवलं. खाली पांढरी साय धरली. ते मीठ तिनं एका डबीत भरून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलं. पावसाळ्यात त्याला पाझर फुटायचा, डबीच्या कडेनं पाणी यायचं. दुकानातलं मीठ असं करत नाही. हे बाहेरची ओल ओढून घेतं, मास्तर म्हणाले होते. बायको म्हणायची, "त्याला घर आठवतंय." बाकीचं पाणी डबीशेजारी एका बाटलीत तसंच राहिलं. "पुढच्या उन्हाळ्यात मी बी येतो तुमच्यासंगं," ती दरवर्षी म्हणायची. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो. मी म्हणायचो, जाऊ की. घाटातल्या वळणांचं निमित्त होतंच. पोरीचं लग्न झालं, ती कबनूरला गेली, जावयाचे यंत्रमाग होते. उन्हाळे गेले. मी तिला नेलं नाही.

मग तिला शुगर निघाली. आधी गोळ्या, मग दोन वेळा सुई, सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी. सुई सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांच्या दवाखान्यात टेबलामागं इन्व्हर्टर होता आणि त्याच्या बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरा फुलोरा आला होता. माझी नजर तिथं. डॉक्टर सांगत होते, सुई घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम उतरते, घाम येतो, हात थरथरतात, तेव्हा लगेच साखर द्यायची, उशीर करायचा नाही. आणि मी मनात म्हणत होतो की गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावलं पाहिजे.

"समजलं ना?"

"व्हय व्हय," मी म्हणालो. "डॉक्टर, तुमची बॅटरी मरायला आलीय."

बॅटरीचं मी लगेच दुसऱ्या दिवशी येऊन करून दिलं.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. आमच्याकडं संध्याकाळी सहाला वीज गेली. बॅटरीवाल्याच्या घरात इन्व्हर्टर नव्हता, हे लोक हसून सांगायचे. तिनं सुई घेतली. भाकरी टाकायला बसणार तेवढ्यात गॅस संपला. दुसरी टाकी लावायला मी गेलो, वायसर बसेना, त्यात अर्धा तास गेला. तिनं देवापुढं दिवा लावला आणि उंबऱ्याला टेकून बसली.

"काय गं?"

"कसंतरी होतंय." पदरानं तोंड पुसलं. पदर ओला झाला. "जरा गोड द्या वो मला."

दिवा लागलेला होता.

मला एकदाही दुसरं काही वाटलं नाही. मी विसरलो नाही, गोंधळलो नाही, डबा चुकला नाही. अंधारातही मला दोन्ही डबे माहीत होते. मी सरळ मिठाचा डबा काढला. माझी आई उन्हाळ्यात चक्कर आली की मीठ-पाणीच द्यायची, तेही डोक्यात आलं. तांब्यात पाणी घेतलं, दोन चमचे शिगोशीग टाकले, बोटानं ढवळलं आणि तिच्या तोंडाला लावलं.

तिनं दोन घोट घेतले. डोळे गच्च मिटले. खालचा ओठ डाव्या बाजूला ओढला गेला. मग एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

तेच तोंड. त्या कॅनच्या दिवशीचं. मी ते ओळखलं, पण कशासाठी आहे ते मला कळलं नाही. तिला बोलायचं होतं, जीभ वळेना. तिनं हातानं तांब्या ढकलला. हातात जोर नव्हता. मी तो हात धरून बाजूला केला आणि म्हणालो, "पी, पी. बरं वाटंल." आणि अजून पाजलं.

कानडीत सक्री म्हणाली असती तर मी साखर दिली असती. एवढा एकच शब्द. पण ती मराठीत संसार केलेली बाई.

रिक्षानं दवाखान्यात नेलं तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही दिलं होतं का?"

"दिलं की. गोड दिलं."

"किती?"

"दोन चमचे. पाण्यात कालवून."

त्यांनी बोटाचं रक्त मशीनला लावलं. आकडा बघून ते नर्सकडं वळले. "दोन चमचे साखर पोटात जाऊन एवढी खाली?"

साखर. तो शब्द त्यांच्या तोंडातनं आला आणि मला समोरची भिंत दिसेना. मी तोंड उघडलं. पण ते शिरेत सुई घालत होते, धावपळ चालली होती, कोणीतरी मला म्हणालं, आजोबा, बाहेर थांबा. मी बाहेर थांबलो.

तासाभरात पोरगी आली. तिनं माझे दोन्ही दंड धरून विचारलं, "अप्पा, तुम्ही काय दिलं अव्वाला?"

डॉक्टरला मी अजाणता म्हणालो होतो. पोरीला जाणून म्हणालो.

"गोड दिलं."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

रक्तातली साखर वर आली. बायको वर आली नाही. मेंदू उपाशी राहिला, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी गेली.

आमच्यात जाळत नाहीत. खड्डा काढतात, आत बसवतात, विभूती घालतात, बेल घालतात. आणि मीठ. पोत्यानं मीठ. विधी सांगणारे स्वामी म्हणाले, "घाला मीठ." दिवसाउजेडी त्याला मीठच म्हणतात. पहिली मूठ नवऱ्याची. मी मूठ भरली आणि ती उघडेना. मुठीला घाम सुटला, मीठ ओलं झालं, हाताला चिकटलं. लोकांना वाटलं, म्हातारा खचलाय. जावयानं माझं मनगट धरून हात झटकला.

तेरावं झाल्यावर मी तोच तांब्या घेतला. दुकानातलं मापाचं भांडं आणलं. तांब्यात मावतं अर्धा लिटर. दोन चमचे शिगोशीग मीठ वाण्याच्या ताजव्यात टाकून बघितलं, सोळा-सतरा ग्रॅम. म्हणजे लिटरमागं पस्तीसला दोन-तीन कमी. मास्तरांचा आकडा. तिला समुद्र बघायला मी कधी नेलं नाही. तो मी घरातच माझ्या हातानं केला आणि तिला पाजला. नुसता कडूपणा कमी होता.

देव्हाऱ्याखालची बाटली काढून एक घोट घेतला. मला माझं तोंड दिसत नव्हतं. तांडेलाची गोष्ट त्यानंतर मी कुणाला सांगितली नाही. दुकानही पुढं विकून टाकलं.

पोरगी महिन्यातनं एकदा येते, दोन दिवस राहते, डबे भरून जाते. नातेवाइकांत सांगायची, "अप्पांनी लगेच गोड दिलं होतं, त्यांचा काय दोष?" ते ऐकलं की मी उठून अंगणात जायचो.

मागच्या खेपेला ती संध्याकाळी आमटी करत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. दिवे लागलेले. आतनं तिनं विचारलं, "अप्पा, गोड कुठं ठेवलंय वो?"

मी जागचा उठलो.

"अप्पा, गोड!"

मी दारात जाऊन उभा राहिलो. "मीठ म्हण," मी म्हणालो.

"दिवे लागल्यात की."

"लागू देत. मीठ म्हण. ह्या घरात आता मिठाला मीठच म्हणायचं."

माझा आवाज चढला होता. ती पळी हातात घेऊन वळली, हसणार होती, पण माझ्याकडं बघून तिचं हसू तिथंच थांबलं. तिला तिच्या अव्वाची जीभ आहे, आणि अक्कलही. ती माझ्याकडं बघत राहिली. मग फळीवरच्या दोन डब्यांकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"अप्पा," ती हळू म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही अव्वाला काय दिलं?"

"मीठ," मी म्हणालो.

तिनं गॅस बंद केला. ओट्याला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं, सुईपासनं तांब्यापर्यंत, ते तोंडसुद्धा. तिनं मला शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. एकदाच विचारलं, "तिनं तांब्या ढकलला होता?"

"ढकलला."

मग तिनं ताटं घेतली, भाकरी वाढली, आमटी वाढली. आमटीत मीठ नव्हतं. डबा फळीवर होता, दोघांच्याही हाताला येण्यासारखा. दोघांपैकी कुणी तो घेतला नाही. आम्ही तशीच अळणी आमटी खाल्ली, आणि ताटं धुऊन ठेवली.